जिओपॉलिमर पेव्हर ब्लॉकवर दर हिवाळ्यात पांढरं का फुटतं, आणि ते कसं थांबवायचं

दिवाळी उरकली, पहाटेची हवा गार झाली की मला एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. जिओपॉलिमर, म्हणजे फ्लाय ॲश आणि स्लॅगपासून केलेले, सिमेंटचा कणही नसलेले पेव्हर ब्लॉक. पावसाळ्यात चांगले करडे दिसत होते, आता त्यांच्या अंगावर कापसासारखं पांढरं उगवलंय. धुतलं की जातं, चार दिवसांनी परत येतं. ग्राहक म्हणतो माल खराब आहे. कारखानदार म्हणतो जमिनीतला खार वर आला, यात आमचा काय दोष. मग कुणीतरी ॲसिडनं धुवायचा सल्ला देतं आणि ब्लॉकचा पृष्ठभाग कायमचा खरबरीत होऊन बसतो.

जमिनीतला खार क्वचित असतो. बहुतेक वेळा हे पांढरं ब्लॉकच्या पोटातूनच आलेलं असतं, आणि त्याची सुरुवात ब्लॉक साच्यातून काढल्यावर पहिल्या आठवड्यात झालेली असते. तो आठवडा नीट सांभाळला आणि मिश्रणात घातलेल्या सोड्याचा हिशेब एकदा कागदावर मांडला, तर हा त्रास खूपच कमी होतो. कसं ते सविस्तर लिहितो, कारण या मालावर माझा विश्वास आहे आणि एका पांढऱ्या थरापायी लोक तो सोडून परत साध्या सिमेंटकडे वळताना पाहिले की वाईट वाटतं.

आधी ओळख पटवा

पांढरं दिसलं म्हणजे सगळं एकच, असं नाही. साध्या सिमेंटच्या ब्लॉकवरही पांढरं येतं, पण तो चुना असतो. सिमेंट मुरताना सुटा झालेला चुना पाण्याबरोबर वर येतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी जुळतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. तो डाग घट्ट चिकटतो आणि पाण्यात विरघळत नाही. आपल्या ब्लॉकवरचं पांढरं वेगळं आहे. ते मऊ, केसाळ असतं, बोटानं पुसलं की निघतं.

चमचाभर पांढरं खरवडून काचेच्या ग्लासात घ्या आणि त्यावर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी ओता. लगेच विरघळलं तर तो चुना नव्हे. त्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (अल्कली असेल तर गुलाबी होणारं द्रावण) दोन थेंब टाका, गडद गुलाबी रंग आला तर तो सोडियम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. खात्रीसाठी वेगळ्या चिमूटभर कोरड्या पावडरवर लिंबू पिळा, फसफसलं पाहिजे. पाण्यात विरघळतंय पण गुलाबीही होत नाही आणि फसफसतही नाही, असं झालं तर सोडियम सल्फेटचा संशय घ्या. तेव्हा कच्च्या मालातलं सल्फेट तपासावं लागेल आणि पुढचं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही. चव घेऊन बघू नका. ब्लॉक ताजा असेल तर त्या पांढऱ्यात कॉस्टिक सोड्याचा, म्हणजे तोंड भाजणाऱ्या अल्कलीचा, अंश असू शकतो.

ज्यांनी उन्हाळ्यात लोणारचं सरोवर पाहिलंय त्यांना पाणी ओसरल्यावर काठावर उरणारा पांढरा थर आठवेल. तो याच कुळातला. सोडियमयुक्त पाणी, वरून ऊन आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड, एवढंच लागतं. आपल्या ब्लॉकच्या अंगावर तेच छोट्या प्रमाणात घडतंय.

सोडा पोटात आला कुठून

फ्लाय ॲश म्हणजे कोळसा जळताना वितळून गोठलेल्या मातीचे बारीक गोळे. स्लॅग म्हणजे लोखंडाच्या झोतभट्टीतली मळी, पाण्यानं झटक्यात थंड करून दळलेली. दोन्हींचा उपयोगी भाग काचेसारखा असतो, म्हणजे त्यातले अणू शिस्तीत बसायच्या आत गोठलेले असतात. अशी काच नुसत्या पाण्यात फारशी हलत नाही. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेट घातलं की तिचे बंध तुटतात, सिलिका आणि ॲल्युमिना द्रावणात येतात आणि पुन्हा जोडले जाऊन घट्ट जेल बनतं. ही गोष्ट नवी नाही. ग्लुखोव्स्की यांनी किएव्हमध्ये १९५०च्या दशकातच यावर काम केलं होतं, ‘जिओपॉलिमर’ हा शब्द फ्रान्सच्या दाविदोव्हित्स यांनी नंतर रूढ केला.

स्लॅगमध्ये कॅल्शियम भरपूर, म्हणून त्यातून मुख्यतः कॅल्शियमचं जेल बनतं. त्याला आपण सी-ए-एस-एच म्हणतो. ते रचनेनं सिमेंटच्या जेलच्या जवळचं असतं, पाणी बांधून ठेवतं आणि पोकळ्या भरतं. कमी कॅल्शियमच्या फ्लाय ॲशमधून बनतं ते सोडियमचं जेल, एन-ए-एस-एच, आणि आपली गोष्ट मुख्यतः त्याचीच आहे. त्याची जाळी सिलिकॉन आणि ॲल्युमिनियमची, तिन्ही दिशांना पसरलेली. जाळीत जिथे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसतो तिथे एक ऋण भार उरतो, आणि तो भागवायला एक सोडियम शेजारी येऊन थांबतो. एका ॲल्युमिनियमला एक सोडियम, असा हा साधा हिशेब.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जाळीत गेलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जास्त सोडियम घातला तर उरलेल्याला बसायला जागाच नाही. तो पोकळ्यांतल्या पाण्यात मोकळा फिरतो. दुसरी, जागा मिळालेला सोडियमही फार घट्ट धरलेला नसतो. पाण्याचा मुबलक प्रवाह मिळाला तर तोही काही प्रमाणात बाहेर पडतो.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पांढरं फुटलेल्या ब्लॉकचा तुकडा बघितला की हे डोळ्यांना दिसतं. फ्लाय ॲशचे बरेच गोळे जसेच्या तसे, गुळगुळीत, भोवती जेलची पातळ साय. काही अर्धवट खाल्लेले, अंड्याचं कवच फुटावं तसे, आणि आत आणखी बारीक गोळे. जेलमध्ये मोठमोठ्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या. चांगल्या मुरलेल्या, भरपूर स्लॅग असलेल्या तुकड्यात याच पोकळ्या भरलेल्या आणि तुटक असतात. तिथून सोडियमला वर येणं जड जातं.

हिशेब करून बघा

आपल्याकडे मिश्रण मोलॅरिटीच्या भाषेत सांगायची सवय आहे. ‘बारा मोलरचं कॉस्टिक, सिलिकेट अडीच पट.’ या भाषेत किती सोडियम चाललाय ते कळतच नाही. त्यातही दोन कारखान्यांचं बारा मोलर सारखं नसतं. बारा मोलर म्हणजे ४८० ग्रॅम कॉस्टिक विरघळवून एकूण द्रावण एक लिटर करायचं, त्यात वजनानं साधारण ३५ टक्के कॉस्टिक येतं. पण बरेच जण ४८० ग्रॅम फ्लेक्स एक लिटर पाण्यात टाकतात. त्यात येतं साडेबत्तीस टक्क्यांच्या आसपास. म्हणून मी मोलॅरिटी बाजूला ठेवतो आणि सोडियम ऑक्साइडचं बाइंडरशी, म्हणजे फ्लाय ॲश आणि स्लॅगच्या एकूण वजनाशी, टक्केवारीत प्रमाण काढतो.

एक उदाहरण घेऊ. घनमीटरला २८० किलो फ्लाय ॲश आणि १२० किलो स्लॅग, म्हणजे बाइंडर ४०० किलो. द्रावण १६० किलो, त्यात सिलिकेट ११४ आणि बारा मोलर कॉस्टिकचं द्रावण ४६. बाजारातल्या एका नेहमीच्या सिलिकेटमध्ये १४.७ टक्के सोडियम ऑक्साइड आणि २९.४ टक्के सिलिका असते (तुमच्या पिंपाचं टेस्ट सर्टिफिकेट बघा, ग्रेड बदलली की आकडे बदलतात). तर सिलिकेटमधून १६.८ किलो सोडियम ऑक्साइड आलं. कॉस्टिक ४६ च्या ३४.८ टक्के, म्हणजे १६ किलो. त्याचं सोडियम ऑक्साइड काढायला ०.७७५ नं गुणलं की १२.४ किलो. एकूण २९.२ किलो, बाइंडरच्या सव्वासात टक्क्यांच्या आसपास.

आता जागा किती आहे ते बघा. समजा फ्लाय ॲशमध्ये २८ टक्के ॲल्युमिना आहे. पण त्यातला मोठा भाग म्युलाइटच्या स्फटिकात अडकलेला असतो, आणि म्युलाइट कॉस्टिकला दाद देत नाही. ॲशमध्ये २० टक्के म्युलाइट असेल तर त्यानंच सुमारे १४ टक्के ॲल्युमिना धरून ठेवलं. उरलं १४ टक्क्यांच्या आत, तेही ॲश पूर्ण विरघळली तर. साध्या हवेत मुरणाऱ्या ब्लॉकमध्ये ती पूर्ण विरघळत नाही. अर्धी विरघळली असं धरलं तर ॲशकडून सोडियमला मिळालेल्या जागा ०.३७ किलोमोल (किलोमोल म्हणजे अणूंची संख्या मोजायचं एकक). आपण घातलेला सोडियम ०.९४ किलोमोल. स्लॅगमधलं ॲल्युमिना आणि कॅल्शियमचं जेल आणखी थोडा सोडियम धरतात, तरीही बराचसा मोकळा राहणार हे उघड आहे. हाच मोकळा सोडियम डिसेंबरात अंगणात दिसतो.

या मिश्रणासाठी मी सोडियम ऑक्साइड साडेपाच टक्क्यांवर आणायला सांगतो. सिलिकेट १०० किलो, कॉस्टिक फ्लेक्स साडेनऊ किलो, बाकी मोजलेलं पाणी. सिलिका आणि सोडियम ऑक्साइडचं प्रमाण १.३ च्या आसपास राहतं. पण एकदम चार टक्क्यांवर उडी मारू नका. सोडा कमी पडला तर काच विरघळतच नाही, जेल कमी बनतं, पोकळ्या वाढतात आणि उरलेला थोडा सोडाही सहज वर येतो. अर्धा अर्धा टक्का उतरत, प्रत्येक पायरीला चाचणीचा क्यूब तोडून ताकद बघा. यात पैसेही वाचतात. आणि सोडियम सिलिकेट भट्टीत रेती आणि सोडा ॲश वितळवून बनतं, म्हणजे कार्बन वाचवायला निघालेल्या या मालात कार्बनचा सगळ्यात मोठा बोजा त्याच पिंपातून येतो. जास्तीचा सोडा प्रत्येक बाजूनं तोट्याचा.

जागा वाढवणं हा दुसरा मार्ग. दहा टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश काढून त्या जागी मेटाकाओलिन, म्हणजे भाजलेली चिनीमाती घातली तर विरघळणारं ॲल्युमिना वाढतं. मिश्रण घट्ट होतं, पण पाणी वाढवायचा मोह टाळायचा. स्लॅग ३० वरून ४० टक्क्यांवर नेणं याहून सोपं आणि बहुतेकांना परवडणारं आहे. पन्नासच्या पुढे गेलात तर उन्हाळ्यात मिश्रण मिक्सरमध्येच घट्ट व्हायला लागेल, आणि सिमेंटसाठीची नेहमीची रिटार्डर, म्हणजे घट्ट होणं लांबवणारी रसायनं, इथे भरवशाची नाहीत. सोड्याऐवजी पोटॅशियम वापरलं तर पांढरं जवळजवळ दिसत नाही, कारण पोटॅशियम कार्बोनेट हवेतला ओलावा ओढून ओलंच राहतं. पण त्याचा भाव पेव्हर ब्लॉकला झेपत नाही.

फ्लाय ॲशही बघून घ्या. राखेच्या तळ्यातली ओली ॲश स्वस्त पडते, पण ती जाडी आणि आळशी असते. कोराडी असो, चंद्रपूर असो की भुसावळ, आयएस ३८१२ या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात बसणारी कोरडी, बारीक ॲशच घ्या. आणि कॉस्टिकचं पोतं पावसाळ्यात उघडं ठेवू नका. फ्लेक्स हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतात. कोकणात तर आठवड्यात ढेकूळ बनतं, आणि त्या ढेकळात तुम्ही मिश्रणात कॉस्टिकऐवजी काही अंशी तयार धुण्याचा सोडाच घालत असता.

पाणी मारणं थांबवा

आता मूळ मुद्दा. एका कारखान्यात मी सकाळी सातला पोचलो होतो. आदल्या दिवशी साच्यातून काढलेल्या ब्लॉकच्या थप्प्यांवर दोन मुलं पाइप धरून पाणी मारत होती. थप्पीखालच्या फरशीवर पाणी साचलं होतं, बोटाला साबणासारखं बुळबुळीत लागत होतं. मी खिशातली बाटली काढून त्या डबक्यात फिनॉल्फ्थॅलिनचा एक थेंब टाकला. अख्खं डबकं जांभळट गुलाबी झालं. शेजारी उभे असलेले मिस्त्रीकाका म्हणाले, “साहेब, पाणी पाजलं नाही तर ब्लॉक तडकणार की. चाळीस वर्षं हेच करतोय.”

काका सिमेंटबद्दल शंभर टक्के बरोबर होते. सिमेंटला मुरायला पाणी लागतं, ते पाणी जेलमध्ये बांधलं जातं. पण एन-ए-एस-एच बनताना पाणी मुख्यतः वाहनासारखं वापरलं जातं आणि जाळी जुळताना परत बाहेर पडतं. जेल अजून बनत असताना वरून पाणी ओतलं की पोकळ्यांतलं द्रावण पातळ होतं, काच विरघळणं मंदावतं, आणि आतला सोडा पाण्याबरोबर पृष्ठभागापर्यंत येऊन थांबतो. वरचं पाणी वाळलं की तो तिथेच राहतो. प्रत्येक वेळी पाणी मारलं की आणखी थोडा वर. डबक्यात गुलाबी झालं ते ब्लॉकची ताकद बनायला हवं होतं.

उघडं वाळवणंही तितकंच वाईट. पृष्ठभागावरून पाणी उडालं की आतलं द्रावण दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं वर चढतं. शिवाय स्लॅगच्या जेलला ओलावा हवाच असतो. म्हणून पाणी नको आणि हवाही नको. साच्यातून काढल्याबरोबर थप्पी जाड प्लास्टिकच्या कागदात चारही बाजूंनी गुंडाळायची, कडा विटा ठेवून दाबायच्या, आणि निदान सात दिवस उघडायची नाही. गोणपाट नको, ते ओलं ठेवायचा मोह होतो. शक्य असेल तर पहिले २४ तास साठ अंशांवर, झाकूनच. उघड्यावर गरम केलं तर सोडा आणखी वेगानं वर येईल. थंडीत नाशिककडे पहाटेचं तापमान दहाच्या खाली उतरतं, तेव्हा ज्यांच्याकडे गरम खोली नाही त्यांनी सात ऐवजी चौदा दिवस झाकून ठेवावं.

काकांनी त्या दिवशीच्या मालाच्या दोन थप्प्या केल्या, एक त्यांच्या पद्धतीनं आणि एक झाकून. जानेवारीत दोन्ही शेजारी उघड्या पडल्या होत्या. पाणी मारलेली पांढरी, झाकलेलीच्या फक्त कडांना पुसट रेघ. मिश्रण तेच, सोडाही तोच सव्वासात टक्के. पाइप तेव्हापासून बागेला गेला.

हिवाळाच का

सोडियम कार्बोनेट थंड पाण्यात फार कमी विरघळतं. शंभर ग्रॅम पाण्यात तीस अंशांना चाळीस ग्रॅमच्या आसपास, दहा अंशांना साडेबारा. उन्हाळ्यात पोकळीत विरघळून राहिलेला सोडा थंडीत मावत नाही आणि स्फटिक होऊन बाहेर येतो. पावसाळ्यात तो येतोही आणि वाहूनही जातो, म्हणून दिसत नाही. पावसाळ्यानंतर ब्लॉक आतून ओले, हवा कोरडी आणि रात्री गार, हे तिन्ही दिवाळीनंतर एकत्र येतात. पहाटे भिंग घेऊन बघा, पारदर्शक सुया दिसतील. त्यात दर रेणूमागे पाण्याचे दहा रेणू असतात. दहा वाजेपर्यंत कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून त्यांचं पीठ होतं.

लागलेल्या ब्लॉकचं काय करायचं

कोरड्या दिवशी आधी कोरड्या ब्रशनं झाडून पांढरं गोळा करून उचला. धुवून लगेच आत जिरवू नका. मग थोड्या स्वच्छ पाण्यानं घासा आणि ते पाणी वायपरनं बाजूला काढा. दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं तीनचारदा केलं की पृष्ठभागाजवळचा मोकळा सोडा संपत जातो. ॲसिड नको, ते जेलच खातं. ओल्या ब्लॉकवर रंग किंवा चकचकीत कोटिंग तर नकोच. स्फटिक मग पापुद्र्याखाली वाढतात आणि वरचा थर उचकटून काढतात. पूर्ण वाळल्यावर सिलेनचं, आत मुरणारं जलरोधक चालतं.

पांढरं फुटल्यानं ब्लॉक कमकुवत झाला का, हे सगळे विचारतात. नुसत्या थरानं फार काही बिघडत नाही, पण तो आत पोकळ्या जास्त असल्याचा निरोप असतो. म्हणून पाणी शोषण तपासा. आयएस १५६५८ प्रमाणे सरासरी सहा टक्क्यांच्या आत हवं. त्याहून जास्त आलं तर ताकदीची चाचणीही करून घ्या.

नवा माल पाठवण्याआधी दोन तपासण्या कारखान्यातच करता येतात. ब्लॉक उथळ ट्रेमध्ये एक सेंटिमीटर पाण्यात उभा करा, वरचा भाग उघडा, पंख्याखाली, आठवडाभर. पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा आला तर तो माल हिवाळ्यात बोलणारच. दुसरी थोडी प्रयोगशाळेची. दहा ग्रॅम ब्लॉकची पूड १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात, झाकण लावून २४ तास. गाळून २५ मिली घ्या आणि मिथिल ऑरेंज घालून ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडनं टायट्रेट करा, म्हणजे रंग बदलेपर्यंत ॲसिड थेंब थेंब मोजून घाला. ॲसिडच्या दर मिलीला ३.१ मिलिग्रॅम सोडियम ऑक्साइड. समजा चार मिली लागलं, तर दहा ग्रॅम पुडीतून ५० मिलिग्रॅम निघालं, म्हणजे वजनाच्या अर्धा टक्का. वरच्या उदाहरणात अख्ख्या ब्लॉकमध्ये सोडियम ऑक्साइड सव्वा टक्क्याच्या आसपास आहे, त्यातलं अर्धा टक्का मोकळं. पूड अख्ख्या ब्लॉकपेक्षा जास्त सोडते, म्हणून हा आकडा एका बॅचची दुसरीशी तुलना करायलाच वापरा.

कॉस्टिक हाताळणाऱ्यांसाठी एवढं पाठ असू द्या. फ्लेक्स पाण्यात टाकायचे, पाणी फ्लेक्सवर कधीच नाही. द्रावण हात भाजेल इतकं तापतं, एक दिवस गार होऊ द्या. ॲल्युमिनियमची बादली नको, तिच्यातून हायड्रोजन सुटतो. चष्मा आणि रबरी हातमोजे प्रत्येकाला, पाइप धरणाऱ्या मुलांनासुद्धा. अंगावर उडालं तर भरपूर पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं धुवायचं, त्यावर लिंबू-व्हिनेगर काही लावायचं नाही, आणि डोळ्यात गेलं तर धुता धुताच दवाखाना गाठायचा.